नीलाबाईंचा स्टँड

मशीन गेली. गेल्या आठवड्यात दुपारी टेम्पो आला, दोघांनी ती उचलली, तिसऱ्यानं दार धरलं, आणि निघताना, ज्यांनी ती दिली होती त्या वैजनाथअप्पांनी माझ्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, म्हणजे त्यांच्या मनात माझ्याबद्दल वाईट काही नाही हे सिद्ध झालं. माझी शिवणाची मशीन आता लातूरला आहे. एवढं सांगितलं की सांगण्यासारखं काही उरत नाही. म्हणून हे घडलंच नाही असं धरू. मला तशी सवय आहे. देवणीला आमच्या घरी पाहुणे यायचे असले की मला आधीच पलंगावर नेऊन बसवायचे, मांडीवर चादर टाकायचे, आणि पाहुणे जाईपर्यंत मी अपंग नसायचे, नुसती आळशी पोरगी असायचे. पाणी आणायलासुद्धा उठत नाही म्हणून पाहुण्या बायका माझ्याकडं रागानं बघायच्या. तो राग मला फार आवडायचा. धडधाकट माणसावर करतात तसला राग होता तो.

तर मशीन आहे. नांदेडमधली सकाळ आहे, वजिराबादच्या मागच्या गल्लीतली. बाहेर एक ऑटोवाला गुरुद्वारा, गुरुद्वारा म्हणत एकाच सवारीसाठी खोळंबलाय. मी भिंतीजवळ बसले आहे, समोर अर्धी झालेली वाकळ पसरली आहे, दोन्ही हात तिच्यावर आहेत, आणि मी मागं टेकते. कट्. पाठीमागं, खांद्याच्या फऱ्याखाली पेडल दाबलं जातं, कट् असा आवाज येतो, आणि पुढं काही होत नाही. पेडल माझं आहे, भिंतीत स्क्रूनं बसवलेलं. ते त्यांना नेता आलं नाही, किंवा त्यांना ते स्विच वाटलं असेल. त्याची वायर भिंतीवरून खाली येते, फरशीवरून थोडी पुढं जाते आणि थांबते. मी पुन्हा टेकते. कट्. एखाद्या घरात माणूस गेल्यावरही त्याच्या नावानं फोन येत राहतात, तसं माझी पाठ दर थोड्या वेळानं मशीनला हाक मारते, आणि दर वेळी तिला नव्यानं सांगावं लागतं.

पेडल भिंतीवर का, हे एकदा नीट सांगते, कारण ज्यांनी विचारायला पाहिजे होतं त्यांनी विचारलं नाही. माझे पाय लहानपणीच्या तापात गेले. गेले म्हणजे आहेत, पण कामावर येत नाहीत. कमरेतही जोर नाही. खुर्चीवर बसवलं की मी पुढं कलंडते, त्यामुळं एक हात कायम टेबलाला धरून ठेवावा लागतो. उरला एक हात. त्यानं मशीनचं चाक फिरवायचं की कापड सरकवायचं हे ठरवण्यात दिवस मावळतो. जमिनीवर मात्र पाय हातानं आवरून घेतले, पाठ भिंतीला लावली, की मी पडत नाही. पडायला खाली जागाच उरत नाही. मग दोन्ही हात मोकळे. म्हणजे खुर्चीवर मला एक हात आहे आणि जमिनीवर दोन. एवढं साधं आहे. हे मी समाजसेवा करणाऱ्या कितीतरी लोकांना सांगितलं, आणि दर वेळी त्यांनी मान हलवून मला खुर्ची दिली.

आणि वाकळ तर जमिनीवरच होते. जुनी लुगडी थरावर थर अंथरायची, कडा दुमडायच्या, आणि बायकांनी त्याच्यावरच बसून कडेकडेनं आत शिवत यायचं. लहानपणी मला ही एकच जागा सापडली होती जिथं सगळ्या बायका माझ्या उंचीच्या असायच्या. दिवस बुडेपर्यंत कुणी उठायचं नाही, त्यामुळं मी उठू शकत नाही हे कुणाच्या लक्षात यायचं नाही. मला टाका तिथंच आला. हातानं एका वाकळीला महिना जातो, आणि नांदेडात खोलीची मालकीण महिन्याला भाडं मागते, वाकळ मागत नाही, म्हणून मशीन पाहिजे होती. आधी बाजारात जाऊन पाहिली. दुकानदारानं पांढरी, प्लास्टिकची काढली आणि म्हणाला, ताई, ही फुलं काढते, पानं काढते, बदकं काढते. मी पिशवीतून लुगड्याची घडी काढून पुढं केली आणि म्हटलं, ह्याच्यावर काढा. तिनं अर्धं बदक काढलं, किर्र केलं आणि सुई मोडली. टेबलावरच्या मशीनचंही जमत नव्हतं. वाकळ वर चढवली की तिचं सगळं वजन खाली लोंबतं, ओढतं, आणि टाका तिरपा पळतो. मला पाहिजे होतं ते टेलरच्या काळ्या लोखंडी मशीनचं नुसतं वरचं डोकं. छोटी मोटार लावून, जमिनीवर ठेवून. वाकळ फरशीवर आपली आपण पसरून राहील, मी नुसती तिला डोक्याखालून वाट दाखवेन.

मग लातूरचा कार्यक्रम. तिथले भुसार व्यापारी वैजनाथअप्पा दर वर्षी आईच्या नावानं दिव्यांग बायकांना मशिनी वाटतात, असं कळलं. मंगल कार्यालय होतं. मला स्टेजवर उचलून नेलं, खुर्चीवर ठेवलं. अप्पा पांढऱ्या कपड्यांत, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज इतका मऊ की माईकलाही पुढं झुकावं लागत होतं. त्यांनी आईबद्दल भाषण केलं. नीलाबाई शेवटची काही वर्षं चालू शकत नव्हत्या. पोरांनी त्यांच्यासाठी मुद्दाम उंच पलंग करून घेतला, कडेला दांडी लावून घेतली. अप्पा म्हणाले, आईला आम्ही अखेरपर्यंत जमिनीवर बसू दिलं न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीवर असल्यामुळं एका हातानं मांडीवर थापटलं.

मशीन माझ्यापुढं आणली तेव्हा ती चांगलीच होती. काळं, जड, मनासारखं डोकं. पण खाली लोखंडी स्टँड, पायानं मारायच्या पट्टीसकट, हिरवा रंग दिलेला, आणि पुढच्या आडव्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत लिंगैक्य नीलाबाई यांच्या स्मरणार्थ. मी अप्पांना हळू म्हणाले, "अप्पा, वरचं डोकं तेवढं द्या. स्टँड नको मला."

"अर्धवट दान देत नसतेत, माय."

"पण हे पायानं चालवायचं हाय. मला काय उपयोग?"

"असू दे. शोभा हाय."

फोटो काढायचा होता, म्हणून एका कार्यकर्त्यानं माझे दोन्ही पाय धरून त्या पट्टीवर नीट जोडीनं ठेवले. देवणी जातीच्या बैलाचं प्रदर्शनात माप घेताना त्याचे खूर असेच जुळवून ठेवतात. मी गावाकडं पाहिलंय. फरक एवढाच की बैलाला आधी गूळ देतात. तो फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला. त्यात मी मशीन चालवत आहे.

नांदेडला आल्यावर आनंदराज भेटला. मशिनी दुरुस्त करतो. त्याला कशातलंच पूर्ण येत नाही पण कशालाच नाही म्हणत नाही, आणि मला तेव्हा असाच माणूस पाहिजे होता; पूर्ण येणाऱ्या लोकांनी मला आजवर फक्त नकार दिले होते. त्यानं डोकं उतरवलं, एका बुटक्या फळीत बसवलं, मोटार जोडली. प्रश्न पेडलचा. त्यानं ते आधी माझ्या कोपराखाली ठेवलं. दोरा ओढायला गेले की मशीन सुटायची, आणि पहिल्याच दिवशी मी ओढणीसकट वाकळीला शिवले गेले. आनंदराज कात्री घेऊन मला सोडवत होता आणि वर म्हणत होता, टाका लई मजबूत येऊन राहिला, ताई. मग त्यानं हनुवटीखाली लावून पाहिलं. म्हणजे मी मान खाली घातली की मशीन चालणार. हे आमच्या घरच्यांना फार पसंत पडलं असतं. पण देवणीहून भावाचा, बालाजीदादाचा, फोन आला, बरी हाईस का म्हणाला, मी सवयीनं मान हलवली आणि नको तिथं वीतभर शिवण पडली. शेवटी वैतागून मी भिंतीला टेकले. डोळे मिटले. आणि टेकल्या टेकल्याच म्हणाले, इथं लाव. आनंदराज म्हणाला, भिंतीला? पाठीनं कोण शिवतंय का? मी म्हटलं, पायानं शिवणाऱ्याला विचारलंस का कधी.

तेव्हापासून मी मागं टेकले की मशीन चालायची, पुढं झाले की थांबायची. थोडं टेकलं की हळू, जास्त टेकलं की जोरात. सगळं जग दमलं की टेकतं. मी टेकले की कामाला लागायचे. दादा एकदा बघायला आला, तासभर दारात बसला आणि म्हणाला, दिवसभर अशी टेकूनच बसती व्हय? त्याच्या देखत अर्धी वाकळ झाली होती. पण त्याच्या डोळ्यांना काम म्हणजे वाकलेली पाठ दिसावी लागते. मला मात्र पहिल्यांदाच असं झालं होतं, की माझ्या अंगातली जी एकच गोष्ट मला सहज जमते, टेकून बसणं, जिच्यासाठी मी जन्मभर बोलणी खाल्ली, तिच्यातून टाके पडत होते. सरळ, बारीक, ओळीनं. भाडं भागत होतं. दादा दर सणाला चल म्हणायचा आणि मी दर सणाला वाकळीच्या ऑर्डरी दाखवायचे. देवणीला माझी जागा ठरलेली आहे: ओसरीवरचा पलंग, दारावर नजर, शेंगा सोलायचं सूप. घर राखायला एक माणूस लागतंच, असं वहिनी म्हणते. कुत्र्याबद्दलही ती हेच म्हणते, पण कुत्र्याला निदान बाहेर जाता येतं.

स्टँड उरला. आनंदराजनं विचारलं, ह्या लोखंडाचं काय करू, मी म्हटलं, ने. त्यानं तो बसस्टँडबाहेर चहाचा गाडा लावणाऱ्या त्याच्या मेव्हण्याला दिला. मेव्हण्यानं वर फळी ठोकली, स्टोव्ह ठेवला, गाडा उभा राहिला. मी ऑटो करून मुद्दाम बघायला गेले होते. तो चहा उकळताना एक पाय खालच्या पट्टीवर ठेवून सारखा मारत होता, काही जोडलेलं नसताना, नुसता तालात, जणू चहा शिवतोय. ती पट्टी अखेर कुणाच्या तरी पायाखाली चालत होती. मी ऑटोत बसूनच चहा घेतला. हिरव्या पट्टीवरचं नीलाबाईंचं नाव गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांसमोर होतं, वाफेनं ओलं झालेलं. मला वाटलं, बाईंचं बरं चाललंय. उंच पलंगापेक्षा हे बरं. माणसं येतात, उभी राहतात, राजकारण बोलतात.

आता मराठवाड्यात इतके बसस्टँड, प्रत्येकाबाहेर इतके गाडे. वैजनाथअप्पा एका लग्नाला नांदेडला आले, बसमधून उतरले, आणि ह्याच गाड्यावर ह्याच पट्टीसमोर उभे राहिले. हे मी रचून सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, जरा पटेल असं सांग. बुटाची नाडी बांधायला ते वाकले आणि आईचं नाव समोर आलं. चहा त्यांनी तसाच ठेवला म्हणे. गाड्यावाल्यानं आनंदराजचं नाव सांगितलं, आनंदराजनं माझं, आणि दुसऱ्याच दिवशी अप्पा पुतण्याला, उमाशंकरला, घेऊन माझ्या खोलीत आले, वाट दाखवायला आनंदराज होता. खोलीत एकच खुर्ची आहे, पाहुण्यांसाठी. अप्पा तिच्यावर बसले. मी खाली, मशीन खाली. मशीन बरोबर त्यांच्या पावलांशेजारी आली होती. त्यांनी पाय मागं ओढून घेतले, देवाजवळ बसल्यावर घेतात तसे, आणि तिथंच माझ्या लक्षात आलं की आता युक्तिवाद चालणार नाही.

"माय," ते म्हणाले, "माझी आई तिथं रस्त्यावर उभी हाय."

"उभी हाय हे तर बरं झालं की, अप्पा."

उमाशंकरला हसू आलं, त्यानं ते खोकल्यात बुडवलं. अप्पांना काही ऐकूच गेलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. आणि मला त्याचाच राग आला, अजूनही येतोय, दातांत येतो, ह्या क्षणी येतोय. माणूस नीच असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते आणि जेवले असते. पण रडणाऱ्या माणसाच्या बाजूनं सगळी खोली होते. भिंती होतात, मालकीण दारात येऊन पदर डोळ्यांना लावते, आनंदराज मान खाली घालतो. मी एकटी डोळे कोरडे ठेवून बसलेली, म्हणजे दगड मीच. मी म्हटलं, अप्पा, एकदा बघा तरी. आणि मागं टेकले. मशीन चालली. एक अख्खी ओळ मी त्यांच्यासमोर शिवली, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, वाकळ फरशीवरून सरकत गेली, त्यांच्या पावलांना घासून. ते बघत राहिले. मशीनकडं नाही; माझ्या पाठीकडं, भिंतीकडं, आवरून घेतलेल्या पायांकडं. त्यांचा चेहरा सैल पडला. मला वाटलं, जमलं.

"आजी आशीच बसायची," उमाशंकर एकदम बोलून गेला. "पलंगाची दांडी काढून खाली उतरायची. भिंतीला टेकून गहू निवडायची. दहादा उचलून वर ठिवलं तरी पुन्हा खाली."

"उमा," अप्पा म्हणाले. एवढंच.

मी हात जोडून म्हटलं, अप्पा, स्टँड तुमचा, नाव तुमचं, सगळं न्या. डोकं तेवढं राहू द्या. पहिल्या दिवशीही मी एवढंच मागितलं होतं.

"आईचे दोन तुकडे करू का, माय?" ते म्हणाले.

भिंतीला टेकून बसलेली बाई त्यांनी नुकतीच पाहिली होती, ओळखली होती, आणि तिला पुन्हा उचलून पलंगावर ठेवलं. मग ते उदार झाले. म्हणाले, तुला कोरी मशीन देतो, स्टँडसकट. आणि खुर्ची देतो चांगली, कमरेला पट्टा असलेली, म्हणजे पडायची भीती न्हाई. मी म्हटलं, पट्ट्यानं मी बांधली जाईन, वाकळ वर कोण धरील? ते म्हणाले, एक बाई ठेव की हाताखाली. म्हणजे माझ्या हाताखालच्या बाईला दोन हात असतील, मला एक, आणि नीलाबाईंना चार लोखंडी पाय. ह्या हिशेबात सगळ्यांचं भागतं.

टेम्पो दोन दिवसांनी आला. हे आपण धरलेलं नाही, म्हणून सोडून देते. उमाशंकरनं काल फोनवर फोटो पाठवला. अप्पांच्या दुकानाच्या दर्शनी भागात काचेची पेटी केली आहे. आत चहाच्या गाड्यावरून सोडवून आणलेला, हिरव्या रंगाचा नवा हात दिलेला स्टँड, त्याच्यावर माझं काळं डोकं, वर झेंडूचा हार, बाजूला उदबत्ती. मोटार काढून टाकली आहे, शोभत नव्हती. सुईत दोरा तसाच आहे. माझ्या वाकळीचा दोरा, लाल. फोटोखाली उमाशंकरनं लिहिलंय, ताई, काकांचा राग मानू नका, त्यांना आता झोप लागून राहिली. मी उत्तर लिहिलं, आजीला विचार तिला लागते का. आणि पुसून टाकलं. कोऱ्या मशीनचा अजून पत्ता नाही. त्यांनी कबूल केलेली खुर्ची मात्र पोचली आहे. ती माझ्यासमोर आहे. पट्टा मऊ आहे. तिच्यावर मी चिंध्यांचं गाठोडं बसवलंय आणि पट्टा आवळून बांधलाय. गाठोडं अजिबात पडत नाही. सकाळपासून त्यानं एकही टाका घातलेला नाही, पण फोटो काढायला कुणी आलं तर ते फार छान दिसेल.

दादा रविवारी जीप घेऊन येतो म्हणालाय. फोनवर ओरडला नाही, चिडवलं नाही. लई झालं आता, शिवकन्या, एवढंच म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, आणि तीही प्रेमाची होती. वहिनीनं पलंगावर नवी गादी टाकलीय. माझ्यापुढं अर्धी वाकळ आहे. शेवटची ओळ मधेच थांबलीय, त्या ओळीचा दोरा लातूरला काचेत आहे. मी हातसुई काढते, लाल दोरा ओवते, आणि जिथं मशीननं सोडलं तिथून पुढं एक टाका घालते. तो वाकडा येतो, कारण माझी पाठ अजून तिचं काम करते आहे: टाका घालायचा म्हटलं की ती आपोआप मागं जाते. कट्. मी पुढं येते. टाका. मागं. कट्. ही ओळ रविवारपर्यंत संपणार नाही, हे मला दिसतंय. तरीही हात थांबत नाही, आणि डोक्यात शब्द जुळायला लागतात, सरकारी, सरळ, ओळीनं, माझ्या चांगल्या दिवसांतल्या टाक्यांसारखे.

प्रति, लिंगैक्य नीलाबाई, काचेची पेटी, दुकानाचा दर्शनी भाग, लातूर. अर्जदार: शिवकन्या, जमिनीवर, नांदेड. विषय: आपल्या स्मारकाचे डोके परत मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदार ही आपल्याप्रमाणेच भिंतीला टेकून काम करणारी असून तिला वारंवार उचलून वर ठेवण्यात येत आहे. तरी आपण आपल्या सोयीने पलंगाची दांडी काढून एकवार खाली उतरावे, स्टँड, हार व उदबत्ती आपल्याकडे ठेवून घ्यावी, आणि दोरा न तोडता वरील डोके रविवारी जीप येण्यापूर्वी अर्जदाराच्या भिंतीपाशी पोचते करण्याबाबत आपल्या चिरंजीवांना आपल्या स्तरावरून योग्य ते आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.